कोड झाला, लिहायचं कोणी?

पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्युमेंटेशनची आठवण दोन वेळा हमखास होते. रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा, आणि कुणी राजीनामा टाकतो तेव्हा. पहिल्या वेळी, बिघाडात काय करायचं ते सांगणारं रनबुक उघडावं तर त्यात केव्हाच बंद झालेल्या सर्व्हरचा पत्ता निघतो. दुसऱ्या वेळी 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, नावाचा विधी सुरू होतो. मनाने कधीच नव्या कंपनीत जाऊन बसलेला माणूस, काही वर्षांत डोक्यात साठलेलं सगळं नोटिस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात चार मीटिंगांमध्ये ओतू बघतो. मीटिंगांचं रेकॉर्डिंग होतं. ते पुढे कुणी उघडत नाही.

गिटहबने २०१७ साली ओपन सोर्सच्या जगाची एक मोठी पाहणी केली होती. अपुरं किंवा गोंधळात टाकणारं डॉक्युमेंटेशन ही अडचण आपण पाहिली आहे, असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. त्याच पाहणीत हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले की डॉक्युमेंटेशनमध्ये आपण क्वचित किंवा कधीच भर घालत नाही. तक्रार सगळ्यांची आणि हात कुणाचाच नाही, असा हा मामला. याला आळस म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हीच मंडळी एका बगपायी रात्र जागवतात.

या दुखण्यावर मिळणारा सल्ला बहुतेक उपदेशाच्या सुरात असतो: आवड निर्माण करा, रोज लिहा, करिअरला फायदा होईल. यात खोटं काही नाही, पण उपयोगाचंही फारसं नाही. तांत्रिक लेखन ज्यांनी खरोखर केलं त्यांच्या हकिगती वाचल्या तर निराळंच दिसतं. सुरुवात क्वचितच आतल्या ऊर्मीतून झालेली असते. कुणीतरी मागे लागलेलं असतं, काहीतरी अडलेलं असतं किंवा कशाची तरी चीड आलेली असते. पुढे ते लेखन टिकतं, ते लिहिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडल्याची पोच मिळत राहिली तर. 'प्रेरणा कुठून आणायची' हा प्रश्न मला म्हणूनच थोडा चुकीच्या दाराशी उभा असलेला वाटतो.

युनिक्सचंच बघा. १९७० साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सोबत्यांना नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावर आणखी पैसे ओतायची व्यवस्थापनाची तयारी नव्हती. मग प्रस्ताव गेला तो मजकूर लिहिण्याच्या आणि नीट मांडून छापण्याच्या यंत्रणेचा. तो मंजूर झाला आणि कंपनीचा पेटंट विभाग युनिक्सचा पहिला खराखुरा वापरकर्ता ठरला. पुढे जगभर पसरलेल्या या सिस्टिमचा खर्च असा लेखनाच्या खात्यावर पडला. तरीही तिचं स्वतःचं मॅन्युअल काही आपसूक आलं नाही. गटाचे प्रमुख डग मॅकिलरॉय मागे लागले, तेव्हा थॉम्पसन आणि रिची लिहायला बसले. 'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल'च्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे.

त्या मॅन्युअलचं एखादं पान जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक कमांडला तीच ती ठरलेली शीर्षकं: नाव, वापरायची रीत, वर्णन, लागणाऱ्या फाइली, आणखी काय पाहावं, आणि मग 'बग्ज'. यात काय बिनसलेलं आहे, हे लिहिणाऱ्यानेच तिथे लिहायचं. शेवटी 'ओनर', आणि त्यापुढे 'केन' किंवा 'डीएमआर' असं लॉगिनचं नाव. या साच्याने दोन गोष्टी साधल्या. सुरुवात कशी करू, हा प्रश्नच उरला नाही; रकाने भरत जायचं. दुसरं म्हणजे पान कुणाचं आहे हे उघड राहिलं, त्यामुळे चूक सापडली की वाचणारा नेमका त्याच माणसाच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा. 'बग्ज'चा रकाना तर मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या कामातलं वैगुण्य स्वतःच्या हाताने लिहिण्यापेक्षा ते दुरुस्त करणं पुष्कळदा कमी लाजेचं असतं. आज बहुतेक कंपन्यांच्या विकीवर पान शेवटचं कोणी बदललं ते दिसतं, पण ते पान कोणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

रिचींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. सी भाषा त्यांनी घडवली, पण तिच्यावरच्या पुस्तकासाठी आग्रह धरला तो ब्रायन कर्निगन यांनी. कर्निगननी आधी बी या भाषेची ओळख करून देणारं टिपण लिहिलं होतं. जगातल्या प्रत्येक नवशिक्याला भेटणारं 'हॅलो, वर्ल्ड' तिथूनच आलं. १९७८ साली 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' निघालं, तेव्हा समजावून सांगणारा बराचसा मजकूर कर्निगन यांचा होता आणि नेमक्या नियमांचं संदर्भ-परिशिष्ट रिचींचं. २२८ पानांचं पुस्तक, पण कामाची ही वाटणी मोलाची होती. ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती समजावली पाहिजे, असा आपला समज असतो. बनवणाऱ्याला मात्र काय अवघड आहे ते दिसेनासं झालेलं असतं.

याचा एक गमतीदार पुरावा १९९० सालचा आहे. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्म्या वेळा तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ती ३. वाजवणाऱ्याच्या कानात सूर घुमत असतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते. 'हे तर सगळ्यांना माहीत असतं, यात लिहायचं काय?' हे इंजिनिअरचं पालुपद याच जातीचं. वरून ते नम्रतेसारखं दिसतं. खरं तर तो आपल्या डोक्यातलं गाणं दुसऱ्यालाही ऐकू येतंय असं धरून चालतो. म्हणून एखादी गोष्ट नुकतीच शिकलेला माणूस ती लिहायला सर्वांत लायक, असं मी तरी मानतो. अडखळलेली जागा त्याला अजून आठवत असते. कॅनडातल्या प्रोग्रामर ज्युलिया एव्हान्स यांच्या छोट्या सचित्र पुस्तिका याच बळावर जगभर वाचल्या जातात.

चिकाटीचं उदाहरण म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. तेही स्वतःहून निघालेले नव्हते. १९६२ साली ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनाने त्यांना कंपायलरवर पुस्तक मागितलं. तेव्हा ते पीएच.डी.चा अभ्यास करत होते. बारा प्रकरणांचा बेत झाला. १९६५ पर्यंत हाताने लिहिलेली सुमारे ३,००० पानं जमली. हस्तलिखिताच्या पाच पानांचं छापील एक होईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रकाशकाने सांगितलं की दीड पानांतच एक भरेल. एका पुस्तकाचे असे खंड झाले: पहिला १९६८ साली, दुसरा १९६९ आणि तिसरा १९७३ साली. चौथ्याचा पहिला भाग यायला २०११ उजाडलं, दुसरा २०२२ साली आला. मधल्या काळात १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून त्यांचा जीव विटला. गणिताची अक्षरजुळणी इतकी वाईट झाली होती की त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि स्वतःच टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. काही महिन्यांत संपेल असं वाटलेलं ते काम सुमारे दहा वर्षं चाललं.

लिहायचं टाळून लिहिण्याचं साधन घडवत बसण्याचा रोग आपल्याकडेही सार्वत्रिक आहे. कुठली नोट्सची ॲप, कुठला फॉन्ट, कुठलं टेम्प्लेट, यातच महिने जातात. फरक इतकाच की क्नूथ यांचं टाळणं आज जगभरचे गणितज्ञ वापरतात.

माझ्या विषयाला त्यांची दुसरी गोष्ट जास्त लागू पडते. पुस्तकात जो कोणी पहिल्यांदा चूक दाखवेल त्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलं तर १०० सेंट, असा त्यातला संगणकवाल्यांचा विनोद. लोक हे चेक वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावू लागले. २००८ पासून तर ते 'बँक ऑफ सान सेरिफ' या काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रंच देतात. वाचक चूक शोधायला बसतो, म्हणजे ओळ न् ओळ वाचतो, आणि वाचल्याचं पत्र पाठवतो. हजार पानांच्या रूक्ष मजकुराला असा वाचक मिळवून देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

हे सगळं अमेरिकेत आणि थोरामोठ्यांच्याच बाबतीत घडतं, असं मात्र नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम २०१२, २०१५, २०१९ अशा 'पॅटर्न'नी ओळखला जातो. पॅटर्न बदलला की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत टेकमॅक्स, निराली, टेक्निकल यांची नवी पुस्तकं येऊन पडतात. लिहिणारे बहुतेक कॉलेजातलेच शिक्षक. त्यांना तारीख ठरलेली, प्रकरणं ठरलेली, आणि वाचक तर डोळ्यांसमोर बाकावर बसलेला. परीक्षेच्या आदल्या रात्रीची पुस्तकं म्हणून यांची टिंगल होते, आणि भाषेच्या बाबतीत ती काही अंशी रास्तही आहे. पण कोणासाठी लिहितोय हे त्या शिक्षकाला जितकं स्वच्छ माहीत असतं, तितकं बड्या कंपनीच्या डॉक्स टीमला क्वचित असतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने भारतातल्या कित्येक पिढ्यांना सी शिकवलं, त्यामागेही मला हेच दिसतं. समोर बसलेल्याला पुढची शंका कुठे येणार, हे ओळखून ते पुस्तक चालतं.

सुरुवात झाल्यावर टिकायचं कसं, यावर संशोधन बरंच आहे आणि त्यात भांडणंही आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८९ साली नवख्या प्राध्यापकांच्या तीन गटांचा वर्षभराचा हिशेब मांडला. जे आपल्या जुन्या सवयीने, मोकळा वेळ मिळेल तेव्हा लिहीत राहिले, त्यांची सरासरी १७ पानं झाली. रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवणाऱ्यांची ६४ झाली. रोज लिहून, नोंद ठेवून वर ती कुणाला तरी दाखवणाऱ्यांची १५७. 'रोज लिहा' हा मंत्र प्रामुख्याने अशा आकड्यांवर उभा आहे. पुढे न्यूझीलंडच्या हेलन स्वोर्ड यांनी यशस्वी लिहित्या अभ्यासकांच्या शंभर मुलाखती घेतल्या, तर नेमाने रोज लिहिणारे त्यात अगदी थोडे निघाले. कुणी सुट्टीत झपाटल्यासारखं लिहितं, कुणी तारीख मानेवर बसल्याशिवाय लेखणी उचलत नाही, आणि तरी पुस्तकं होतात. बॉइस यांचे आकडे थोड्याच लोकांवरचे आहेत, अशीही टीका झाली.

मला या वादात कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही, कारण बॉइस यांच्या आकड्यांतली मोठी उडी 'रोज'मुळे पडलेली नाही. ६४ वरून १५७ वर नेलं ते कुणाला तरी दाखवण्याने. ते स्वोर्ड यांच्या अनियमित लेखकांनाही लागू पडतं. त्यांच्या मागे संपादक असतो, सहलेखक असतो, परिषदेची तारीख असते. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. लोकांचे पैसे घेतल्यावर 'सध्या सुचत नाही' म्हणायची सोय राहत नाही. पैशांची ओढाताण आणि टीकेचा मारा सोसत २३ खंड पुरे झाले.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तोही वाटतो तितका सरळ नाही. एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर, कधीच पैसे न मिळालेल्यांपेक्षा कमी वेळ कोड्यांपाशी रमले. याउलट २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, विकिपीडियावरच्या एका प्रयोगात सर्वाधिक लिहिणाऱ्या संपादकांपैकी १०० जणांना एक साधं चित्ररूपी पदक दिलं गेलं, ज्याची बाजारात किंमत शून्य. त्यांचं काम पदक न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त भरलं. जर्मन विकिपीडियावर नवख्यांना अशीच शाबासकी दिली, तेव्हा पुढेही लिहीत राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. कंपन्या याचा सोपा अर्थ काढतात आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'डॉक्युमेंटेशन'ची एक ओळ घालतात. दर स्प्रिंटला एक पान सक्तीचं केल्यावर काय होतं, ते मी एका टीममध्ये पाहिलं आहे. पानं भरतात, आणि त्यांत फंक्शनचं नाव मोठ्या अक्षरांत नि तेच नाव पुन्हा वाक्यात, यापलीकडे काही नसतं. पदक दिलं ते झालेल्या कामाकडे कुणीतरी पाहिलं म्हणून. फॉर्ममधल्या त्या ओळीसाठी पान वाचावंही लागत नाही.

पुष्कळ जण थकतात ते आणखी एका साध्या कारणाने. त्यांना वाटतं आपण एक गोष्ट लिहितोय, आणि असतात चार. दानिएले प्रोचिदा यांनी डायटॅक्सिस या मांडणीत त्या वेगळ्या काढल्या आहेत: नवशिक्याला हात धरून नेणारा धडा, अडलेल्याला वाट दाखवणारी कृती, नेमकी माहिती देणारा संदर्भ, आणि असं का याचं विवेचन. एकाच पानात चारही कोंबायला गेलं की पहिल्या दोन परिच्छेदांतच दम संपतो. सुरुवात करणाऱ्याने कृती घ्यावी, तीही आज आपण स्वतः ज्यात अडकलो तिची. उदाहरणार्थ, बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही. कारण क्रॉनचा पाथ तोकडा असतो. कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. शिवाय सर्व्हर यूटीसीवर आहे, म्हणून वेळापत्रकात लिहिलेले ०१:३० म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सात. तपासायचं असेल तर लॉग अमुक फोल्डरमध्ये आहे. एवढंच. हे लिहायला दहा मिनिटं लागतात आणि पुढच्या माणसाची दुपार वाचते.

मराठीत तांत्रिक लिहू पाहणाऱ्याची अडचण थोडी वेगळी. त्याची अर्धी ताकद 'सर्व्हर'ला काय म्हणायचं यावरच्या वादात खर्च होते, आणि हा वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे लिहितात. अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सवरची पाठ्यपुस्तकं इंग्रजीत लिहिली आणि मराठीत लिहिताना बोलीतले इंग्रजी शब्द बिनदिक्कत वापरले. वाचकांनी ते खपवून घेतले इतकंच नव्हे, तर उचलून धरले. १९६६ साली सुरू झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने दुसरी वाट दाखवली, स्पर्धेची. जयंत नारळीकरांनी १९७४ साली तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. कथा काही तांत्रिक लेखन नव्हे. पण जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञालाही नावाशिवाय मिळालेली पोच हवीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगं आहे. मराठी वाचक संख्येने कमी असेल. तो पत्र मात्र लिहितो, आणि चूक सापडली तर नक्कीच लिहितो.

आता या सगळ्यावर नवा प्रश्न येऊन बसला आहे: एआय लिहून देतं, मग आपण कशाला? चॅटजीपीटी आल्यानंतर सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरची हालचाल सुमारे २५ टक्क्यांनी घटली, असं २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. तांत्रिक लेखकांची अमेरिकेतली जुनी संस्था, १९५३ पासून चालत आलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद झाली. नुसता कोड वाचून सांगता येईल असं वर्णन यंत्राने करावं, त्यात माझी काही तक्रार नाही. त्या कामाला मुळात कुणाचाच हुरूप नव्हता. पण पैसे भरायच्या सेवेचा टाइमआउट ४५ सेकंदच का, हे कोडमध्ये नसतं. एका बँकेची यंत्रणा महिन्याच्या पहिल्या तारखेला उत्तर द्यायला चाळीस सेकंद घेते, हे तिच्याशी फोनवर हुज्जत घातलेल्या माणसालाच ठाऊक असतं. त्याने ते लिहिलं नाही, तर कुणीतरी हुशार माणूस किंवा हुशार यंत्र तो आकडा ३० करून ठेवतं.

अडचण अशी की लिहिलेलं पान आता आधी यंत्र वाचतं आणि माणसाला तयार उत्तर देतं. ते पान कोणी लिहिलं, हे विचारणाऱ्याला कळत नाही, आणि लिहिणाऱ्याला कुणी विचारलं हे कळत नाही. पोच मध्येच गळते. यावर काही टीमनी काढलेला तोडगा मला पटतो: बिघाड दुरुस्त झाल्यावर जो अहवाल लिहितात, त्यात एक रकाना जास्त. कोणतं पान उपयोगी पडलं, आणि ते कोणाचं. दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला ते नाव वाचून दाखवतात. उपयोगी पान नसेल तर रकान्यात 'नव्हतं' असं लिहायचं, आणि अहवाल लिहिणाऱ्यानेच ते त्याच आठवड्यात तयार करायचं.